उंच माणसाचा हलका तंबू

पाठीवरून वाहून न्यावयाचा तंबू विकत घेताना मनुष्य प्रथम त्याचे वजन विचारतो, नंतर किंमत विचारतो, आणि आत माणूस नीट मावेल की नाही हे सर्वांत शेवटी पाहतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे यात फारसे बिघडत नाही. सहा फुटांहून उंच असलेल्या माणसास मात्र हा क्रम महागात पडतो. दुकानात उभारलेल्या तंबूत तो घटकाभर आडवा होतो, पाय पुरतात असे त्यास वाटते आणि तो तंबू घरी नेतो. पुढे डोंगरावरील पहिल्याच थंड रात्री, पहाटेच्या सुमारास, पाय गारठून त्यास जाग येते. हात लावून पाहावे तो स्लीपिंग बॅगेचे पायाकडील टोक ओले झालेले असते. पाऊस तर पडलेला नसतो. तंबू गळका निघाला असे समजून तो विकणाऱ्यास दोष देतो. वस्तुतः तंबू गळलेला नसतो. चूक मोजमापात झालेली असते. ते मोजमाप कोठे व कसे घ्यावे, हे समजावून सांगणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी आपण एक प्रत्यक्ष ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. लखनौ शहराच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे वीस किलोमीटर अंतरावर बख्शी का तालाब नावाचे गाव आहे. बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. मराठी इतिहासाच्या वाचकास हा शब्द अपरिचित नाही. गावाजवळ भारतीय वायुसेनेचा तळ आहे, आणि सभोवार शेते व आमराया पसरलेल्या आहेत. लखनौहून सीतापूर आणि बरेलीमार्गे कुमाऊँच्या डोंगरात जाणारा प्रवासी याच रस्त्याने पुढे जातो. समुद्रसपाटीपासून हा प्रदेश जेमतेम सव्वाशे मीटर उंच असल्यामुळे तंबूची परीक्षा घेण्यास तो निरुपयोगी आहे, असे कोणासही वाटेल. परंतु पौष-माघातील येथील धुके आणि दव ध्यानात घेतले, म्हणजे उंच माणसाच्या तंबूची परीक्षा घेण्यास इतके सोयीचे स्थळ शोधूनही सापडणार नाही, असे दिसून येईल. ते का, हे पुढे येईलच.

डेऱ्यापासून राहुटीपर्यंत

तंबू ही आपल्याकडील जुनी वस्तू आहे. डेरे, शामियाने, कनाती, राहुट्या आणि पाले हे सारे शब्द मराठीत रूढ आहेत. बादशाही व मराठी छावण्यांतील मोठे डेरे हत्ती, उंट व बैल यांच्या पाठीवरून जात. त्यांत मनुष्य ताठ उभा राहून फिरू शके. वजन जनावराने वाहावयाचे असल्यामुळे उंच माणसाची अडचण तेथे उद्भवतच नसे. हा प्रश्न उत्पन्न झाला तो माणूस स्वतःच्या पाठीवर तंबू घेऊन डोंगर चढू लागला तेव्हा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज गिर्यारोहक मम्मेरी याने रेशमी कापडाची एक लहानशी राहुटी प्रचारात आणली. तिला वेगळे खांब नसत; बर्फ फोडण्याच्या कुऱ्हाडीच खांबांचे काम करीत. वजन अतिशय कमी झाले, पण त्याबरोबर आतील जागाही तितकीच आखडली.

पुढे १९३५ साली अमेरिकेत कॅरदर्स याच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याचा उपयोग हवाई छत्र्यांसाठी होऊ लागला, आणि युद्ध संपल्यावर तेच चिवट, हलके कापड तंबूंकडे वळले. लखनौजवळील कानपूर येथे लष्करासाठी तंबू व हवाई छत्र्या तयार करण्याचे सरकारी कारखाने आहेत. एकाच गावी हे दोन्ही उद्योग नांदावेत हे या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. आज एका माणसाचा चांगला तंबू एक ते दीड किलो वजनात मिळतो. हे वजन साधण्यासाठी कापड पातळ केले जाते, काठ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या केल्या जातात, आणि जेथे शक्य असेल तेथे जागा कापली जाते. जागा कापण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भिंती आतल्या बाजूस अधिक कलत्या करणे. उंच माणसाच्या अडचणीचे मूळ येथे आहे.

कागदावरील लांबी आणि उपयोगी लांबी

तंबूबरोबर जो माहितीचा कागद येतो, त्यावर दिलेली लांबी ही तळाच्या कापडाची लांबी असते. बाजारातील बहुतेक हलक्या तंबूंत ती २०५ ते २२० सेंटिमीटर भरते. माणसाची उंची १८८ सेंटिमीटर म्हणजे सुमारे सहा फूट दोन इंच असेल, तर २१० सेंटिमीटर लांबीच्या तंबूत २२ सेंटिमीटर जागा शिल्लक राहील असा हिशेब तो मनाशी करतो. हा हिशेब चुकीचा आहे. मनुष्य कागदासारखा सपाट नसतो. उताणे निजलेल्या माणसाच्या पायांची बोटे अंथरुणापासून वीस-बावीस सेंटिमीटर वर येतात. त्याखाली गादीची जाडी आणि त्यावर स्लीपिंग बॅगेची जाडी धरली, म्हणजे पायांकडील सर्वांत उंच बिंदू जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो. डोक्याकडे उशी घेतली असता स्थिती साधारण अशीच असते. तेव्हा आपणास हवी असलेली लांबी तळावरील नव्हे, तर तळापासून ३० सेंटिमीटर उंचीवरील होय. तिला आपण उपयोगी लांबी म्हणू.

भिंत कलती असेल तितकी ही उपयोगी लांबी घटते. दर १० सेंटिमीटर चढाला भिंत किती आत येते हे पाहिले, म्हणजे कोनमापकाची गरज उरत नाही. जवळजवळ उभ्या, म्हणजे ७५ अंशांच्या भिंतीत दर १० सेंटिमीटरला पावणेतीन सेंटिमीटरची घट होते. ६० अंशांच्या भिंतीत पावणेसहा सेंटिमीटरची. आणि ४५ अंशांच्या भिंतीत पुऱ्या १० सेंटिमीटरची. ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत ही घट एका टोकास अनुक्रमे ८, १७ आणि ३० सेंटिमीटर होते. टोके दोन असल्यामुळे ती दुप्पट धरावयाची. तात्पर्य, तळावर २१० सेंटिमीटर भरणाऱ्या तंबूची उपयोगी लांबी पहिल्या प्रकारात १९४, दुसऱ्यात सुमारे १७५ आणि तिसऱ्यात अवघी १५० सेंटिमीटर उरते. तिन्ही तंबूंच्या कागदांवर मात्र एकच आकडा छापलेला असतो.

झोपलेला मनुष्य किती लांब असतो?

आता दुसरी बाजू पाहू. उभ्या माणसाची उंची आणि झोपलेल्या माणसाची लांबी या दोन गोष्टी एक नव्हेत. निजल्यावर पाऊल सैल पडून पुढे कलते आणि शरीराची लांबी काही सेंटिमीटरांनी वाढते. डोक्याच्या वर व पायांच्या खाली स्लीपिंग बॅगेचा भरावही असतो. या दोहोंसाठी १५ सेंटिमीटर धरावेत. शिवाय बॅग भिंतीस टेकू नये म्हणून प्रत्येक टोकास किमान ५ सेंटिमीटर मोकळे असावेत. १८८ सेंटिमीटर उंचीच्या माणसास याप्रमाणे १८८ अधिक १५ अधिक १०, म्हणजे २१३ सेंटिमीटर उपयोगी लांबी लागते. नियम सोपा आहे : आपल्या उंचीत २५ सेंटिमीटर मिळवावेत आणि तेवढी लांबी तळापासून ३० सेंटिमीटर उंचीवर मिळते की नाही ते पाहावे.

या नियमाने १८८ सेंटिमीटर उंचीच्या माणसास उभ्या भिंतींचा तंबू सुमारे २३० सेंटिमीटर, ६० अंशांच्या भिंतींचा सुमारे २४८ सेंटिमीटर, आणि ४५ अंशांच्या भिंतींचा २७३ सेंटिमीटर लांब तळाचा लागेल. यावरून ध्यानात येईल की उंच माणसाने लांब तंबू शोधण्यापूर्वी टोकांकडील भिंती उभ्या असलेला तंबू शोधावा. घोड्याच्या नालाप्रमाणे वाकलेल्या काठ्या दोन्ही टोकांस असलेले बोगद्याच्या आकाराचे तंबू, किंवा ज्यांत टोकांकडील कापड आखूड काठ्यांनी वर उचललेले असते असे तंबू या दृष्टीने चांगले. चारही बाजूंनी एका शिखराकडे निमुळते होत जाणारे तंबू वाऱ्यात चांगले टिकतात आणि हलकेही असतात. परंतु त्यांची उपयोगी लांबी तळाच्या मानाने फार कमी असते. काही तंबू पायांकडे ठेंगणे व अरुंद केलेले असतात. त्यांचे माप डोक्याकडे आणि पायांकडे वेगवेगळे घेतले पाहिजे.

तिरके झोपण्याचा उपाय

आयताचा कर्ण त्याच्या बाजूपेक्षा मोठा असतो, तेव्हा तंबूत तिरके झोपावे, असा सल्ला उंच माणसास पुष्कळदा दिला जातो. २१० सेंटिमीटर लांब व १२० सेंटिमीटर रुंद तळाचा कर्ण जवळजवळ २४२ सेंटिमीटर भरतो. ३२ सेंटिमीटर फुकट मिळाले असे वाटते. परंतु कर्ण ही रेषा आहे, आणि माणसास रुंदी आहे. ६० सेंटिमीटर रुंद आयताकृती अंथरूण या तळावर फिरवून पाहिले, तर कोणत्याही तिरप्या स्थितीत २१० सेंटिमीटरहून लांब अंथरूण बसत नाही. उलट काही सेंटिमीटर कमीच बसते, कारण अंथरुणाचे कोपरे भिंतींवर आदळतात. टोकांकडे ३० सेंटिमीटरपर्यंत निमुळती होणारी स्लीपिंग बॅग असेल तर सुमारे ७ सेंटिमीटरचा लाभ होतो. एवढ्या लाभासाठी दोन माणसांचा तंबू एका माणसाने अडवावा लागतो. सोबती असेल तर हा उपाय उरतच नाही.

पाय पावसाने भिजत नाहीत

भिंतीस पाय टेकले तर बिघडले काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. मनुष्याच्या श्वासावाटे व त्वचेवाटे, घाम आलेला नसतानाही, दिवसाच्या चोवीस तासांत सुमारे ८०० ग्रॅम पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. आठ तासांच्या झोपेत ते पाव किलोहून थोडे अधिक होते. हवा जितकी थंड तितके कमी बाष्प तिच्यात मावते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते. १० अंशांस ९ ग्रॅमच्या थोडे वर. आणि शून्य अंशास ५ ग्रॅमहूनही कमी. तंबूतील उबदार, दमट हवा थंड कापडास लागली, की मावत नसलेले बाष्प पाणी होऊन कापडावर बसते. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम फुटतो, तोच हा प्रकार.

निरभ्र रात्री यात आणखी एक भर पडते. तंबूचे छत आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडीत असते, आणि त्यामुळे ते भोवतालच्या हवेहूनही काही अंशांनी थंड होते. म्हणून बाहेरून दव व आतून श्वासाचे पाणी असे दोहोंकडून ते भिजते. तंबू दुहेरी, म्हणजे बाहेरचे छत व आतील जाळीदार भाग वेगळे असलेला असेल, तर हे पाणी बाहेरच्या छतावर जमते आणि खाली ओघळून जाते. परंतु लांब पायांनी आतला पडदा बाहेरच्या छतास टेकवला, की मधली मोकळी जागा नाहीशी होते आणि ते पाणी कापूस बोळ्याने टिपावा तसे स्लीपिंग बॅग टिपू लागते.

स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्या भरावात कोंडलेल्या हवेत असते. पिसांचा भराव ओला झाला की पिसे एकमेकांस चिकटतात, फुगवटा जातो आणि हवाही जाते. कृत्रिम धाग्यांचा भराव ओलेपणी जरा बरा टिकतो, तरी भिजलेली बॅग ती भिजलेलीच. पहिल्या रात्री केवळ पाय गारठतात. बॅग उन्हात वाळविण्यास सवड मिळाली नाही, तर दुसऱ्या रात्री ओल वर चढते, तिसऱ्या रात्री झोप लागत नाही. उंच प्रदेशात शरीराचे तापमान धोक्याच्या खाली उतरण्यास अशीच सुरुवात होते. मोजमापातील दहा सेंटिमीटरांची चूक इतक्या दूरवर पोहोचते.

एव्हरेस्टच्या खांद्यावरील एक रात्र

जागेची टंचाई अनुभवी माणसासही कशी जाणवते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९५३ सालच्या मे महिन्याच्या २८ तारखेची रात्र तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८,५०० मीटर उंचीवर एका लहान तंबूत काढली. हिलरी सहा फुटांहून उंच होते. उतारावर बर्फ खणून त्यांना जी जागा सपाट करता आली, तिचे दोन पट्टे झाले, आणि एक पट्टा दुसऱ्याहून जवळजवळ फूटभर उंच राहिला. हिलरींनी ती रात्र अर्धवट बसून, अर्धवट रेलून काढली. त्यांनी काढून ठेवलेले बूट सकाळी गोठून दगडासारखे झाले होते, आणि ते स्टोव्हवर शेकून मऊ करण्यात दोन तास गेले. तेथे निवड करण्यास वाव नव्हता. आपणास तो आहे. बूट, पाण्याची बाटली व ओले कपडे यांसाठी अंथरुणाबाहेर जागा लागते, ही गोष्ट उंच माणसाने विशेष ध्यानात ठेवावी. कारण त्याचे बूटही मोठे असतात, आणि टोकांकडील जी जागा इतरांस सामान ठेवण्यास उरते ती त्यास उरत नाही.

बसण्याची उंची

पावसाच्या दिवशी तंबूत बसून राहावे लागते. बसलेल्या माणसाची आसनापासून डोक्यापर्यंतची उंची त्याच्या एकूण उंचीच्या निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे शेकडा ५२ च्या आसपास असते. १८८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची ती सुमारे ९८ सेंटिमीटर होते. गादीची जाडी व डोक्यावरील थोडी मोकळी जागा धरून त्यास १०५ ते ११० सेंटिमीटर उंच छत लागते. येथेही कागदावरील आकडा फसवा ठरू शकतो, कारण तो सर्वांत उंच बिंदूचा असतो. तो बिंदू दाराशी, जेथे मनुष्य उठून बसतो तेथे आला तर उपयोगाचा. कमरेच्या वर, तंबूच्या मधोमध आला तर उठून बसताना डोके ओल्या छतास घासते.

छत फार उंच असणेही हिताचे नाही. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. राजगडाच्या माचीवर किंवा हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर पावसाळी वारा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको. उंच तंबूस तणावे अधिक आणि मेखा पक्क्या लागतात.

वजनाचा खरा हिशेब

लांब तंबू जड असतो, असा आक्षेप घेतला जातो. तो किती जड असतो, हे आकड्यांनी पाहू. तंबू आडवा कापला असता बाहेरचे छत सुमारे ३ मीटर, आतला पडदा अडीच मीटर आणि तळ १ मीटर, असे एकूण साडेसहा मीटर कापड लागते असे धरू. तंबू २० सेंटिमीटरांनी लांब केला, तर १.३ चौरस मीटर कापड वाढेल. हलक्या तंबूचे कापड दर चौरस मीटरला ५० ते ६० ग्रॅम भरते. म्हणजे वाढ ८० ग्रॅमच्या आत राहते. शिवणी व काठ्या धरूनही ती फार पुढे जाणार नाही. याच्या उलट, भिंतीस टेकलेली स्लीपिंग बॅग रात्रीत १०० ग्रॅम पाणी प्याली, तरी ते वजन दुसऱ्या दिवशी पाठीवर येतेच, आणि ऊब जाते ती वेगळीच. २० सेंटिमीटर वाचविणे ही काटकसर नव्हे.

वजन कमी करावयाचे असल्यास ते अन्यत्र करावे. चालताना हातात धरावयाच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू घेतला, तर तंबूच्या काठ्यांचे वजन वाचते. उंच माणसाच्या काठ्याही लांब असल्यामुळे त्यास हा प्रकार सोयीचा पडतो. मात्र अशा तंबूंतील टोकांकडील भिंती पुष्कळदा फार कलत्या असतात. तेव्हा वरील माप येथेही चुकवू नये.

बख्शी का तालाब येथील परीक्षा

आता पहिल्या स्थळाकडे परत येऊ. जानेवारीत लखनौच्या परिसरात पहाटेचे तापमान सात-आठ अंशांच्या आसपास उतरते. हवा दमट असते, वारा पडलेला असतो आणि उत्तररात्री धुके दाटते. ज्या गोष्टींमुळे तंबूत पाणी साचते त्या सर्व येथे एकत्र येतात. फक्त धोका तेवढा नसतो. काही बिघडले तरी घर व रस्ता जवळ असतो. कुमाऊँच्या वाटेवर चार दिवस चालून गेल्यावर जे कळावयाचे, ते येथे एका रात्रीत आणि एका ओल्या पांघरुणाच्या किमतीत कळते.

शेतकऱ्याची परवानगी घेऊन, वायुसेनेच्या तळापासून दूर, उघड्या जागी तंबू उभारावा. निजण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. स्लीपिंग बॅग काट्यावर तोलून तिचे वजन लिहून ठेवावे. आतील भिंतीवर, पायांकडे व डोक्याकडे, पांढरा खडू चांगला घासावा. सकाळी बॅग पुन्हा तोलावी. वाढलेले वजन म्हणजे तिने प्यालेले पाणी. नंतर बॅगेच्या टोकांवर खडूचे डाग पाहावेत. पायांकडे पांढरा पट्टा उमटला असेल, तर भिंत रात्रभर टेकत होती हे निश्चित झाले. डाग नसून वजन वाढले असेल, तर दोष लांबीचा नसून वायुवीजनाचा आहे : दुसऱ्या रात्री वरची व खालची झडप उघडी ठेवून तोच प्रयोग पुन्हा करावा. थंडी वाजते म्हणून झडपा लावून घेण्याचा मोह आवरावा. आणि बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी तर कधीच पेटवू नये. त्यातून निघणारा विषारी वायू डोळ्यांस दिसत नाही आणि नाकास कळत नाही.

तिसरी रात्र आंब्याच्या झाडाखाली काढून पाहावी. छतावरील दव पुष्कळ कमी झालेले आढळेल. झाडाचा विस्तार तंबू व उघडे आकाश यांच्या आड येतो, आणि छताची उष्णता तितक्या वेगाने निघून जात नाही. वाळलेल्या फांद्या डोक्यावर नाहीत याची मात्र खात्री करून घ्यावी. तळ्याकाठची सखल जागा परीक्षेस चांगली, कारण थंड हवा तेथे येऊन साचते; प्रत्यक्ष प्रवासात मात्र तीच टाळावी, आणि थोडी उंचवट्याची जागा धरावी.

दुकानात जाण्यापूर्वी

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग करावयाचा तो असा. प्रथम घरी जमिनीवर आपली गादी व स्लीपिंग बॅग पसरून उताणे निजावे, आणि दुसऱ्या कोणाकडून डोक्याचे व पायांचे टोक खडूने आखून घ्यावे. या लांबीत १० सेंटिमीटर मिळवावेत. पायांकडील सर्वांत उंच बिंदू पट्टीने मोजावा. हे दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. स्लीपिंग बॅग आखूड असेल तर प्रथम ती बदलावी. आखूड बॅगेत ताणलेले पाय लांब तंबूतही गारठतात, कारण पायांच्या दाबाने टोकाचा भराव चेपून जातो. मग दुकानात तंबू पूर्णपणे, तणावे ओढून उभारावयास सांगावा. चिठ्ठीवरील उंचीची एक काठी आत दोन्ही टोकांस उभी धरावी आणि ती भिंतीस जेथे लागते त्या दोन बिंदूंमधील अंतर फितीने मोजावे. ते चिठ्ठीवरील लांबीहून कमी भरले, तर तंबू कितीही हलका असला तरी तो परत घडी करावयास सांगावा आणि दुसरा पाहावा.